मुलीने आयटीआयला मशिनिस्ट घ्यावं का? माझ्या मधल्या वर्षांसकट उत्तर

दादा, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलीला दहावीत ७१ टक्के आहेत, तिला आयटीआयला मशिनिस्ट ट्रेड, म्हणजे यंत्रांवर धातू कापून सुटे भाग बनवायचं शिक्षण, घ्यायचंय, घरचे म्हणतात निदान डिप्लोमा तरी कर, आणि आयटीआय केलं की पुढचे रस्ते बंद होतील अशी तुम्हाला धास्ती आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय, "मुलगी आहे, शॉपमध्ये टिकेल का?"

मी हाच ट्रेड केला. १९९६ ला दहावी, १९९८ ला आयटीआय, वर्षभर अप्रेंटिस, मग भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये ट्रेनी. तिथून इन्स्पेक्शन म्हणजे मालाची तपासणी, नोकरी करत पार्ट-टाइम डिप्लोमा, सीएमएम (अचूक मापं घेणारं यंत्र), आणि आता एका मोठ्या कारखान्यात सप्लायर क्वालिटी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालाचा दर्जा, बघते. असं एका दमात सांगितलं की सगळं सरळ वाटतं. करिअरबद्दल विचारलं की आपण सगळेच फक्त पदं सांगतो आणि दोन पदांमधली वर्षं गाळतो. तुमच्या मुलीच्या उपयोगाची आहेत ती मधलीच वर्षं, म्हणून तीच सांगते.

आधी रस्ते बंद होण्याची भीती. ते बंद होत नाहीत. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झाला की महाराष्ट्रात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आयटीआयवरून डिप्लोमापर्यंत चार वर्षं, दहावीनंतर सरळ डिप्लोमा केला तर तीन. एक वर्ष जास्त जातं, पण त्या वर्षात हाताला जे वळण लागतं ते डिप्लोमाच्या वर्कशॉपच्या तासांत लागत नाही. आमच्याकडे येणारी डिप्लोमाची मुलं ड्रॉइंग चांगलं वाचतात, पण व्हाइसमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, जॉब (घडवायचा तुकडा) सरळ बांधायला सांगितला की थबकतात. मात्र थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांची एक अडचण आधीच माहीत असू द्या: पहिल्या वर्षाचं गणित आणि विज्ञान त्यांचं झालेलं नसतं. आयटीआयला वर्कशॉप कॅल्क्युलेशन आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंग असतं, पण तेवढ्यावर डिप्लोमाचं गणित पेलत नाही. मुलीचा पुढे डिप्लोमाचा विचार असेल तर आयटीआयची दोन वर्षं चालू असतानाच गणिताची वही उघडी राहू द्या. गणित सुटलं आणि पुन्हा धरताच आलं नाही, अशी माझ्या बॅचची दोन मुलं मला माहीत आहेत.

आता माझी अडकलेली वर्षं.

अप्रेंटिसशिप संपली आणि मी राष्ट्रीय परीक्षाही पास झाले. ज्या कारखान्यात वर्षभर राबले तिथेच नोकरी मिळेल असं मी धरून चालले होते, कारण कुणी सांगितलंच नव्हतं. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात स्पष्ट आहे की अप्रेंटिस हा शिकाऊ असतो, कामगार नाही, आणि त्याला पुढे नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. शेवटच्या दिवशी आम्हा सगळ्यांना गेटवर पास जमा करायला लावले. मी घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नाही. तुमच्या मुलीला हे पहिल्या दिवसापासून माहीत असू द्या: अप्रेंटिसशिपचं वर्ष शिकण्यासाठी आणि प्रमाणपत्रासाठी. नवव्या महिन्यापासून बाहेर अर्ज सुरू करायचे. स्टायपेंडचं विचाराल, तर २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्यांसाठी महिना किमान ७,००० रुपये ठरवले, डिप्लोमावाल्यांसाठी ८,०००. यात कुणी खोली भाड्याने घेऊन राहू शकत नाही, म्हणून पहिलं वर्ष घरातून किंवा नातेवाइकांकडे राहून जाता येईल असाच कारखाना बघा.

पुढच्या शॉपमध्ये मी ट्रेनी होते, आणि पत्र होतं ठेकेदाराच्या नावाचं. सहा-सात महिने झाले की ब्रेक, मग नवं पत्र. दोन वर्षं काम केलं, पण दाखवायला सलग अनुभव शून्य. पुढे चांगल्या ठिकाणी मुलाखतीला गेले तेव्हा समोरच्या साहेबांनी विचारलं, "या दोन वर्षांचा कागद कुठे आहे?" माझ्याकडे पगाराच्या तीन स्लिपा होत्या, बास. आता पीएफचा यूएएन, म्हणजे आयुष्यभराचा एकच खाते क्रमांक, असतो, नोकऱ्या बदलल्या तरी तोच चालतो, त्यामुळे निदान तुम्ही कुठे किती दिवस होता याची नोंद राहते. तरी प्रत्येक पत्र, प्रत्येक स्लिप, सोडतानाचं अनुभव प्रमाणपत्र, सगळं एका फाइलला लावायची सवय मुलीला आत्ताच लावा. पीएफ कापत नाहीत अशा जागी सहा महिन्यांच्या वर थांबू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्याच शॉपमध्ये मला सेटर व्हायचं होतं. ऑपरेटर जॉब लावतो आणि काढतो. सेटर मशीन लावतो, टूल बसवतो, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देतो, पहिला पीस पास करून घेतो. पगार वाढतो तो तिथे. पण सेटरला शिफ्ट फिरावी लागते, आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात तेव्हा बायकांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढीच मुभा होती. सुपरवायझर म्हणाले, "ताई, तुमचा हात चांगला आहे, पण नाइटला कोण उभं राहणार?" माझ्यानंतर वर्षभराने आलेला मुलगा सेटर झाला. तेव्हाचा राग मला अजून आठवतो, आणि तो रास्त होता असं आजही वाटतं. आता हा नियम बदललाय. सुरक्षेच्या आणि वाहतुकीच्या अटींवर, बाईची संमती असेल तर रात्रपाळी करता येते. म्हणून तुमच्या मुलीला सेटिंगचा रस्ता मला होता तसा बंद नाही. रात्रपाळी करावी की नाही हे तिचं तिने ठरवावं, पण 'मुलींना सेटिंग देत नाही' असं कुणी सांगितलं तर कारण लेखी मागावं.

मी इन्स्पेक्शनला गेले ती एका लॉटमुळे. ॲल्युमिनियमचं हाउसिंग होतं, त्यात २५ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे गोल भोक, आणि एच-सेव्हन टॉलरन्स, म्हणजे माप २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत हवं. आमच्याकडे भोक तपासायच्या दांड्याची, म्हणजे प्लग गेजची, 'गो' बाजू (जी आत जायलाच हवी) प्रत्येक पीसमध्ये सरळ जात होती. ग्राहकाकडे गेल्यावर तीच बाजू आत जाईना आणि अख्खा लॉट परत आला. दोन दिवस गेजवर संशय, मग ऑपरेटरवर संशय. मला आयटीआयमधले आमचे निदेशक, म्हणजे शिकवणारे सर, आठवले. गरम जॉबवर मायक्रोमीटर लावला की ते तो हातातून काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "आधी निवू दे, मग माप." मी मशीनवरून उतरलेला पीस लगेच मापला, २५.०१० आला. तोच पीस तासाभराने मापला तर २४.९९६. ॲल्युमिनियम तापलं की चांगलंच फुगतं. एवढ्या बोअरमध्ये २५ अंशांचा फरक पडला की जवळपास १४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) इकडेतिकडे होतात. मापं २० अंश सेल्सियसला धरायची असतात हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं होतं, पण कुलंट (जॉब थंड ठेवणारं द्रव) कमी पडतंय आणि पीस गरम उतरतोय हे कुणी पाहिलं नव्हतं. महिन्याभरात मला इन्स्पेक्शन टेबलवर बसवलं. ती दिवसाची जनरल शिफ्ट होती, त्यामुळे तिथे कायदाही आडवा येत नव्हता.

हे इतकं लांबण लावून सांगितलं, कारण घरचे म्हणतात ना की आयटीआयवाल्याला आयुष्यभर मशीनवरच उभं राहावं लागतं, त्याला माझं उत्तर हे आहे. हाताने शिकलेली गोष्ट टेबलावर नेते. पण टेबलावरून पुढे मात्र कागद लागला. इन्स्पेक्टरपर्यंत आयटीआय चाललं. क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी जाहिरातीतच डिप्लोमा लिहिलेलं असायचं, आणि काम तेच करत असूनही मी अर्ज करू शकत नव्हते. शेवटी २००३ ते २००७ अशी चार वर्षं संध्याकाळचा पार्ट-टाइम डिप्लोमा केला. दुसऱ्या वर्षाला असताना मुलगा झाला. आई माझ्याकडे येऊन राहिली म्हणून ते पार पडलं, हे मी दरवेळी आवर्जून सांगते. तुमच्या मुलीने डिप्लोमा करायचाच असेल तर आयटीआयनंतर लगेच, अंगावर जबाबदाऱ्या यायच्या आत करावा. मी पाच वर्षं उशीर केला, आणि त्या पाच वर्षांचा पगारातला फरक पुढे भरून निघाला नाही.

त्या चार वर्षांत 'घरबसल्या इंजिनिअरिंग' अशा जाहिरातींनी मलाही भुरळ घातली होती. त्या वाटेला जाऊ देऊ नका. काही अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) मंजुरीशिवाय दूरशिक्षणाने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०१७ च्या निकालाने कित्येकांच्या पदव्या अडचणीत आल्या. पैसे, वर्षं आणि बढती, तिन्ही गेलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. प्रवेश घेण्याआधी संस्था महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाशी संलग्न आहे का, एआयसीटीईची मंजुरी आहे का, हे स्वतः तपासा.

सरकारी वाटांचं थोडक्यात. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटसाठी दहावी आणि ठरावीक ट्रेडचं आयटीआय चालतं. भाभा अणुसंशोधन केंद्रात आयटीआयवाल्यांसाठी स्टायपेंडरी ट्रेनीच्या जागा निघतात, तिथे दहावीला विज्ञान आणि गणितासह ६० टक्के मागतात, म्हणजे तिचे ७१ इथे कामाला येतात. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डची स्वतःची अप्रेंटिस शाळा आहे. आणि शिकवण्याची आवड असेल तर आयटीआयचा निदेशक व्हायला एक वर्षाचा सीआयटीएस हा प्रशिक्षण अभ्यासक्रम आहे. माझी एक मैत्रीण त्यातून निदेशक झाली, आणि आज तिच्या वर्गात मुली आहेत. या जागा निघतील तेव्हा भराव्यात, पण त्यांची वाट बघत घरी बसू नये.

आणखी एक पर्याय तुमच्या बोलण्यात आला नाही. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवण्याचा, चार वर्षांचा डिप्लोमा आहे. हात आणि ड्रॉइंग दोन्ही पक्कं होतं. वेगळी प्रवेश परीक्षा असते आणि फी आयटीआयपेक्षा बरीच जास्त. झेपणार असेल तर माझ्या मते हा सगळ्यात चांगला रस्ता. नाही झेपलं तर आयटीआय मशिनिस्ट आणि लगेच थेट दुसऱ्या वर्षाला मेकॅनिकल डिप्लोमा. सरळ डिप्लोमाकडे मी तेव्हाच वळेन, जेव्हा मुलीला मशीनपेक्षा ड्रॉइंग आणि गणितात जास्त रमताना बघेन. तसं असेल तर घरच्यांचंच बरोबर.

फॉर्म भरायच्या आधी तिला घेऊन दोन-तीन आयटीआय प्रत्यक्ष बघून या. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, त्यामुळे तिला निवड करायला वाव आहे, तो वापरा. मशीन किती आहेत हे सगळे विचारतात. तुम्ही विचारा की आज त्यातल्या किती चालू आहेत आणि एका मशीनवर किती जण उभे राहतात. सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) असेल तर मुलांना स्वतः प्रोग्राम टाकू देतात का, की काचेतून दाखवतात, तेही विचारा. पसंतीक्रमात तिला खरोखर हवा तोच ट्रेड पहिला लिहा, कारण प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिलीच पसंती लागली तर ती घ्यावीच लागते. 'बघू, पुढच्या फेरीत बदलू' असं म्हणून चालत नाही.

"टिकेल का?" याबद्दल. सुरुवातीचे काही आठवडे नुसतं हॅकसॉ आणि फायलिंग असतं. तळहाताला फोड येतात, आणि चौकोनी तुकडा काटकोनात येता येत नाही. माझ्या बॅचला तेव्हाच चार मुलगे सोडून गेले. तेवढे आठवडे गेले की ताकदीचा प्रश्न फारसा उरत नाही, जड जॉबला होइस्ट, म्हणजे उचलायचं यंत्र, असतो. केस टोपीत, ओढणी नाही, मशीनच्या फिरत्या स्पिंडलजवळ (फिरणाऱ्या दांड्याजवळ) हातमोजे नाहीत, एवढं तिच्या अंगवळणी पडायला हवं. मला ज्याचा सगळ्यात त्रास झाला ते वेगळंच होतं. पहिल्या शॉपमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. मी दिवसभर पाणी पीत नसे आणि दुसऱ्या वर्षी त्याचं आजारपण निघालं. स्वतंत्र स्वच्छतागृह देणं कायद्याने बंधनकारक आहे, पण छोट्या शॉपमध्ये अजूनही दरवाजा उघडून बघावं लागतं. अप्रेंटिसशिपच्या करारावर सही करायच्या आधी तुम्ही तिच्यासोबत जा, आणि पगाराच्या आधी ते विचारा.