नळ आणि पूर

"मॅडम, वर्ष होत आलं. आता तरी विसरायला हवं ना?"

चिपळूणहून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या त्या बाईंचा हा पहिलाच प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) २२ जुलै २०२१ च्या पुरात सगळं घर माळ्यावर अडकलं होतं. माणसं वाचली. पुढच्या जूनमध्ये पाऊस लागला आणि सात वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरुणात शू करायला लागला. शाळेला निघताना पोटात दुखायचं. नवऱ्याचं वेगळंच. रात्री दोन-दोनदा उठून वाशिष्ठी नदीचं पाणी बघून यायचा आणि दिवसा बारीकसारीक कारणावरून घरच्यांवर खेकसायचा. घरात पुराचा विषय काढायचा नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. लहान आहे, बोललं नाही की विसरेल.

मुलगा माझ्या खोलीत आला आणि काही न बोलता खालच्या फळीवरची खेळणी वरच्या फळीवर ठेवायला लागला. मग खुर्चीवर, मग टेबलावर. माझी पर्ससुद्धा वर गेली. घरीही हाच खेळ चालतो, आईला त्याची चीड येते. मोठ्या माणसाला तोच प्रसंग डोळ्यांपुढे येतो, स्वप्नात येतो. लहान मूल पुष्कळदा तो पुन्हा पुन्हा खेळतं. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "पाणी कुठून आलं रे?" त्यानं दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "मी नळ चालू ठेवला होता."

पुराच्या आदल्या संध्याकाळी आजी ओरडली होती, "नळ बंद कर, घर बुडवशील!"

वर्षभर हे ओझं घेऊन पोर गप्प होतं. आपण विषय टाळतो तेव्हा मूल स्वतःच कारण शोधतं, आणि बहुतेक वेळा त्यात दोषी तेच असतं.

वडील बाहेर बसायचे. एकदा पावसाची सर आली तशी पत्र्यावर ताडताड सुरू झाली, ते उठले आणि गटाराकडे बघत उभे राहिले. कपाळावर घाम. ही भित्रेपणाची गोष्ट नव्हे. पाऊस ऐकला की त्यांच्या शरीराला आजची तारीख कळत नाही. असा त्रास महिन्याहून जास्त टिकला, झोप आणि कामधंदा बिघडला, की आघातोत्तर तणाव विकाराची तपासणी करून घ्यावी. त्यांना मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. थेरपी सुरू झाली, काही महिने औषधही. (झोपेसाठी चाललेली 'क्वार्टर' मात्र सुटायला वेळ लागला.) जवळपास कुणी नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतूनही बोलता येतं.

मुलाला पुराची गोष्ट मी सांगितली नाही, वडिलांना सांगायला लावली. डोंगरात किती पाऊस पडला, त्यात भरती कशी आली, हे त्यांनी कागदावर नदी काढून दाखवलं. माळ्याच्या शिडीपाशी आल्यावर आवाज अडकला. मुलगा थांबला, मग विचारलं, "आणि नळ?"

"नळाला तर तेव्हा पाणीच नव्हतं रे."

परवा आईचा फोन होता. नवरा अजूनही पाणी बघायला जातो. पण हल्ली सांगून जातो.