ज्यू घरात जन्मलेली एडिथ स्टाइन कॅथलिक संत कशी झाली? तिने आपलं ज्यूपण सोडलं होतं का?

संतांना आपण एकेरीतच हाक मारतो, ज्ञानोबा काय, जनी काय. म्हणून मीही हिला एकेरीत बोलवतो. मी वसईचा कॅथलिक आहे, तेव्हा माझं माप थोडं तिच्या बाजूने झुकेल हे धरून चाला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बाप्तिस्मा घेताना तिने ज्यू श्रद्धा सोडली, असं म्हणता येत नाही, कारण तेव्हा सोडण्यासारखं हातात काही उरलंच नव्हतं. चौदा-पंधराव्या वर्षीच तिने प्रार्थना करणं जाणूनबुजून थांबवलं होतं. देव नाकारण्यापासून ती ख्रिस्ती श्रद्धेपर्यंत आली आणि तिथे पोचल्यावर आपण ज्यू आहोत हे तिला पूर्वीपेक्षा जास्त जाणवू लागलं. हे ध्यानात घेतलं नाही तर तिचं पुढचं वागणं कोड्यात टाकतं.

जन्म 12 ऑक्टोबर 1891 चा, ब्रेस्लाउचा. तेव्हा ते शहर जर्मनीत होतं. आज पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्स्वाफ म्हणतात. त्या दिवशी योम किप्पुर होता, म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा, कडक उपासाचा दिवस. अकरा मुलांतलं हे शेंडेफळ आणि त्यातही असा मुहूर्त, त्यामुळे आईचा तिच्यावर विशेष जीव. मुलांपैकी सातच जगली. वडिलांची लाकडाची वखार होती. एडिथ दोन वर्षांचीही नव्हती तेव्हा ते गेले आणि आई आउगुस्ते स्वतः वखारीत उभी राहिली. धंदा सावरला, मुलांना शिकवलं आणि सणवार, उपास सगळे निष्ठेने पाळले. मला विचाराल तर या गोष्टीतलं सगळ्यात मोठं माणूस ही आईच आहे.

एडिथ तत्त्वज्ञानाकडे वळली. 1913 साली ग्यॉटिंगेनला नामवंत तत्त्वज्ञ एडमुंड हुसर्लकडे गेली, महायुद्धात काही महिने साथीच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून राबली आणि 1916 मध्ये फ्रायबुर्गला तिने डॉक्टरेट मिळवली. विषय होता समानुभूती: दुसऱ्याचं दुःख आपल्याला कळतं, म्हणजे नेमकं काय होतं? मग ती हुसर्लची सहायक झाली. त्याची लघुलिपीतली टिपणं उलगडायची, जुळवायची, हे काम. कालजाणिवेवरची त्याची व्याख्यानं तिनेच लावून दिली होती. 1928 मध्ये ती संपादक म्हणून हायडेगर या दुसऱ्या तत्त्वज्ञाच्या नावाने छापली गेली! प्राध्यापकपदाची वाट मात्र ती बाई आहे म्हणून अडवण्यात आली. तिने सरकारकडे दाद मागितली. बाई असणं हा अडथळा ठरू नये, असं मंत्र्याचं उत्तर आलं, पण तिला जागा काही मिळाली नाही.

आता धर्मांतर. 1921 च्या उन्हाळ्यात बेर्गत्साबर्नला मैत्रिणीच्या घरी तिने अविलाच्या संत तेरेजाचं आत्मचरित्र वाचलं आणि रातोरात सत्य सापडलं, ही कथा आमच्याकडे फार रंगवून सांगतात. माझ्या मते पाणी आधीच मुरलेलं होतं. 1917 मध्ये तिचा गुरू आडोल्फ राइनाख आघाडीवर मारला गेला. त्याचे कागद लावायला जाताना, त्याच्या विधवेला कोणत्या तोंडाने भेटायचं, ही धास्ती तिच्या मनात होती. ती बाई मात्र श्रद्धेच्या बळावर शांत होती. भेटायला आलेल्यांनाच तिने धीर दिला. समानुभूतीवर प्रबंध लिहिलेल्या एडिथला हे कशात बसवावं ते कळेना. 1 जानेवारी 1922 ला बाप्तिस्मा झाला. धर्ममाता झाली तीच मैत्रीण, हेडविग कोनराड-मार्टियुस. ती प्रोटेस्टंट होती, तरी खास परवानगी काढली. आणि बाप्तिस्म्यासाठी तिनेच आपला लग्नातला पांढरा झगा दिला.

मठात मात्र एडिथ लगेच गेली नाही. श्पायरच्या मुलींच्या शाळेत आठ वर्षं शिकवलं, नंतर म्युन्स्टरला. घरी आली की आईबरोबर सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, जायची. स्तोत्रं शेवटी ज्यू काय, ख्रिस्ती काय, दोघांची तीच. 1933 मध्ये हिटलर आला आणि तिची नोकरी गेली. त्या एप्रिलमध्ये तिने पोप अकरावे पायस यांना पत्र लिहून सांगितलं की ज्यूंवरच्या अत्याचारांबद्दल चर्चने गप्प बसू नये. त्यात तिने आपली ओळख दिली ती ज्यू लोकांची लेक आणि कॅथलिक चर्चचीही लेक अशी, दोन्ही एका वाक्यात. हे पत्र 2003 मध्ये खुलं झालं.

त्याच ऑक्टोबरात ती कोलोनच्या कार्मेल मठात, म्हणजे संत तेरेजाच्याच संघाच्या जोगिणींच्या मठात, जायला निघाली. निघण्याआधी, वाढदिवसाच्या दिवशी, 84 वर्षांच्या आईबरोबर ती सिनेगॉगमध्ये गेली. परतताना आईने विचारलं, प्रवचन छान होतं ना? म्हणजे ज्यू राहूनही माणूस धार्मिक असू शकतो ना? पुढे येशूबद्दल म्हणाली, त्याच्याविरुद्ध मला काही बोलायचं नाही, तो भला माणूस असेलही. पण त्याने स्वतःला देव का केलं? हे सगळं एडिथनेच लिहून ठेवलंय, आणि आईला निरुत्तर केल्याची बढाई त्यात कुठेही नाही. बारा वर्षांच्या भाचीने विचारलं, आत्ताच का? एडिथने सांगितलं की मी तुम्हाला सोडून जात नाही आणि मठात गेले म्हणून मी वाचेन असंही नाही. पुढे ती आईला नेमाने पत्रं लिहायची. आईने बरेच दिवस उत्तर दिलं नाही. आई 14 सप्टेंबर 1936 ला गेली. त्यानंतरच मोठ्या बहिणीने, रोझाने, बाप्तिस्मा घेतला.

1938 च्या अखेरीस एडिथला हॉलंडमधल्या एख्तच्या मठात हलवलं. मागून रोझाही तिथे आली. 26 जुलै 1942 ला डच कॅथलिक बिशपांनी ज्यूंच्या हद्दपारीचा निषेध चर्चाचर्चांतून वाचून दाखवला. सूड म्हणून 2 ऑगस्टला नाझींनी कॅथलिक झालेल्या ज्यूंची धरपकड केली. दोघी बहिणी वेस्टरबोर्कच्या छावणीमार्गे आउशवित्झच्या मृत्युछावणीत गेल्या आणि 9 ऑगस्टला मारल्या गेल्या. पॉल आणि फ्रीडा ही भावंडंही छावणीत संपली, त्यांचा तर बाप्तिस्माही झाला नव्हता.

त्यामुळे 1987 मध्ये चर्चने तिला हुतात्मा ठरवलं आणि 11 ऑक्टोबर 1998 ला संतपद दिलं, तेव्हा अनेक ज्यूंना ते खुपलं. ती ज्यू होती म्हणून मेली, तुमच्या धर्मासाठी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. बिशपांच्या पत्राचा सूड हे चर्चचं कारण खरं आहे, पण मला तो आक्षेप रास्त वाटतो. पत्र निघालं नसतं तरी नाझींनी तिला आज ना उद्या नेलंच असतं. जॉन पॉल दुसरे यांनी संतपद देतानाच सांगितलं होतं की हिच्या स्मृतिदिनी ज्यूंच्या संहाराचीही आठवण ठेवायची. आमच्याकडे किती ठिकाणी ती ठेवतात, ते न विचारलेलं बरं.

कधी व्रोत्स्वाफला गेलात तर आईने 1910 मध्ये घेतलेलं घर पाहा, तिथे आज एडिथच्या नावाची संस्था चालते. आईवडिलांची कबर शहराच्या जुन्या ज्यू दफनभूमीत आहे. एडिथ आणि रोझाची कबर कुठेच नाही, तेव्हा फूल ठेवायचंच असेल तर आईकडे ठेवा. खरं तर ज्यू दफनभूमीत फूल नाही, खडा ठेवतात.