पीस स्टेशनवर लागलेला आजार आणि डिसॅबिलिटी पेन्शन

प्रश्न : मी 2018 साली मुदत पूर्ण करून हवालदार म्हणून निवृत्त झालो. रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीच्या वेळी तपासणी करणारं वैद्यकीय मंडळ) रक्तदाबासाठी 30 टक्के अपंगत्व आजन्म धरलं, पण आजार पीस स्टेशनवर (सीमेपासून दूरच्या, शांत भागातल्या छावणीत) लागला म्हणून त्याचा सेवेशी संबंध नाही, असा शेरा मारला. रेकॉर्ड ऑफिसने (सैनिकांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली. आजार नोकरीमुळेच झाला हे आता कसं सिद्ध करू? (माजी सैनिक, सातारा)

उत्तर : ते सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर नाहीच. तुम्हाला डिसॅबिलिटी पेन्शनचे 2008 चे नियम लागू होतात. 21 सप्टेंबर 2023 पासूनचे नवे नियम त्यानंतर निवृत्त झालेल्यांसाठी आहेत. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असं धरावं आणि शंकेचा फायदा त्याला द्यावा. 1982 च्या जुन्या नियमांवरच्या 2013 च्या धरमवीर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. आजार भरतीच्या तपासणीत का दिसला नसता, याची कारणं बोर्डानेच लिहायची असतात. नुसतं ‘पीस स्टेशन’ हे कारण होत नाही.

आधी रेकॉर्ड ऑफिसकडून मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत मागवा. देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. सोबत भरतीची वैद्यकीय नोंद आणि पोस्टिंगची यादी घ्या. बहुतेक अपिलं इथेच फसतात : घरच्या अडचणी पानभर लिहिलेल्या असतात आणि बोर्डाच्या शेऱ्याला उत्तरच नसतं. तुम्ही शेरा जसाच्या तसा उतरवा, त्याखाली भरतीची नोंद द्या, फील्ड आणि अतिउंचीवरच्या पोस्टिंगच्या तारखा द्या. आजार ‘सेवेमुळे झाला’ आणि ते न मानल्यास ‘सेवेमुळे वाढला’, अशा दोन्ही मागण्या करा. रक्तदाबात दुसरी जास्त टिकते, आणि पेन्शनला तीही पुरते.

अपिलाची मुदत नकारापासून सहा महिने. ती उलटली असेल तर उशिराचं कारण लिहून अपील कराच. पहिलं आणि दुसरं अपील फेटाळलं गेलं, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. आणखी थांबू नका : सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालाच्या आधारे थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिल्याची अनेक उदाहरणं आहेत.

रक्कम अशी : शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के. वेतन 40,000 रुपये असेल तर 12,000. तुमच्या 30 टक्क्यांना 3,600. पण सर्वोच्च न्यायालयाच्या राम अवतार निकालानुसार (10 डिसेंबर 2014) मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांचंही 20 ते 49 टक्के अपंगत्व 50 टक्के धरायचं, म्हणजे 6,000, वर महागाई भत्ता. ही मागणी अर्जात स्वतंत्रपणे लिहा.

प्रश्न : माझं अपंगत्व 15 टक्केच आहे. काही मिळेल का?

उत्तर : मुदत पूर्ण करून निवृत्त झाला असाल तर नाही, किमान 20 टक्के लागतात. आजारपणामुळे मुदतीआधी सेवेतून काढलं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या सुखविंदर सिंग निकालाचा आधार घ्या. अशा वेळी अपंगत्व 20 टक्क्यांहून जास्त होतं असंच धरलं जातं. अर्ज लिहिताना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घेता येईल.