नोकरी सांभाळून गोव्यात भाड्याची घरं करता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेर्ण्याच्या कारखान्यात नोकरी, हातात 62 हजार पडतात, 11 लाख साठलेत, राहायला फोंड्यात वडिलांचं घर. दहा वर्षांत भाड्याचे पाच फ्लॅट करायचेत, आणि मित्र म्हणतो पहिला मोपा विमानतळाच्या बाजूला घे. जमेल का?

पाच जमणार नाहीत. दोन-तीन जमतील, पण पहिलाच मोपाला घेतलात तर तेही अवघड आहे. मी मडकईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे, नवरा शाळेत शिक्षक. आज आमचा फोंड्यात एक फ्लॅट आणि जवळच बांदोड्याला तीन बिऱ्हाडं भाड्याने आहेत. मधे एक फ्लॅट उत्तर गोव्यात किनाऱ्याजवळच्या शिवोलीलाही होता. तो विकावा लागला, आणि तुमचा मित्र तुम्हाला त्याच वाटेला लावतोय म्हणून आधी तेच सांगते.

2016 साली शिवोलीचा फ्लॅट घेतला तो पर्यटकांकडे बघून. डिसेंबरात एका आठवड्याचं भाडं फोंड्याच्या महिन्याच्या भाड्याहून जास्त यायचं, त्यामुळे डोळे दिपले होते. पण आमच्या प्रयोगशाळेत मोबाईल न्यायला बंदी. जेवणाच्या सुट्टीत फोन हातात घेतला की सहा-सहा कॉल चुकलेले असायचे: पाणी नाही, एसी बंद, किल्ली सापडत नाही. संध्याकाळी सुटून फोंड्याहून शिवोली गाठायची म्हणजे पणजीच्या गर्दीतून सव्वा तास. शेवटी देखभालीला एक माणूस ठेवला. तो भाड्यातला मोठा वाटा घ्यायचा आणि किती रात्री भरल्या ते कधी सरळ सांगायचा नाही. जून ते सप्टेंबर घर बंद. चवथीआधी उघडलं तर गाद्यांना बुरशी, कपाटाची दारं फुगलेली, खाऱ्या वाऱ्याने ग्रिल गंजलेलं. पर्यटकांना घर द्यायचं तर पर्यटन खात्याकडे 1982च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते, हेही आम्हाला घेतल्यानंतर कळलं. 2021 मध्ये विकला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. नोकरी करणाऱ्याने भाड्याचं घर घर-ते-कारखाना या वाटेवरच घ्यावं. तुमची वाट फोंडा, बोरीचा पूल, लोटली, वेर्णे. याच्या बाहेर बघूच नका. जुलैत भाडेकरूचा फोन येतो, "ताई, भिंतीतून पाणी झिरपतंय", तेव्हा सुटल्यावर दहा मिनिटं थांबून बघता आलं पाहिजे. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन तुमच्या ओळखीचा, तुमच्याच गावचा पाहिजे.

भाडेकरूही या वाटेवरच मिळतात. फोंड्याभोवती कुंडई, मडकई, बेतोडा अशा तीन औद्योगिक वसाहती आहेत, फर्मागुडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दोडामार्ग, सावंतवाडी, बेळगावहून आलेली मुलं, नुकती लग्न झालेली जोडपी, महाविद्यालयातले शिक्षक यांना बारा महिने घर लागतं. आमचा फोंड्यातला फ्लॅट 2011 पासून मिळून चार महिनेसुद्धा रिकामा राहिला नाही. जाहिरात कधी दिली नाही, एक जाणारा दुसऱ्याला सांगतो. भाडं शिवोलीएवढं दिसत नाही हे खरं, पण ते दर पाच तारखेला येतं.

आता तुमचा हिशेब. समजा 40 लाखांचा फ्लॅट धरला. कर्ज 30 ते 75 लाखांत असेल तर बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते. म्हणजे 8 लाख तुमचे, वर मुद्रांक, नोंदणी, वकील, रंगरंगोटी. तुमचे 11 लाख इथेच संपले. उरलेल्या 32 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता येतो साधारण 27,800 रुपये. भाडं 14 हजार आलं तरी जवळजवळ 14 हजार दर महिन्याला पगारातून, शिवाय सोसायटीची वर्गणी आणि घरपट्टी. 62 हजारांवर बँक दुसरं कर्ज सहजी देणार नाही, आणि दिलं तरी घेऊ नका. बोनस आणि वाढ पहिल्या कर्जात भरा. आमचं पहिलं कर्ज नऊ वर्षांत फिटलं ते असंच, आणि बांदोड्याची बिऱ्हाडं कर्जाशिवाय बांधली.

कागदपत्रांवर मात्र वेळ घालवा, इथे घाई करणारे बुडतात. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्याकडचा सातबारा, स्वतः काढून वाचा. कुळाच्या आणि इतर हक्कांच्या रकान्यात कुणाचं नाव आहे, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, कायद्याने हक्क असलेला माणूस) आहे का, ते बघा. शहर भागात फॉर्म डी. बिगरशेतीची सनद, बांधकाम परवाना आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, म्हणजे भोगवट्याचा कागद. "ते येईल हो, पैसे भरून ठेवा" असं बिल्डर म्हणाला की तिथून उठा. बँकेचा वकील बँकेसाठी कागद बघतो, तुम्ही तुमचा वेगळा नेमा.

भाटातलं (माडा-पोफळीच्या बागेतलं) जुनं घर स्वस्तात मिळतंय असं कुणी सांगितलं तर आणखी सावध राहा. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवराबायको मालमत्तेचे सारखे धनी. विकताना दोघांची सही लागते, आणि वारसांची जमीन असेल तर प्रत्येक वारसाच्या जोडीदाराचीही. सासरे गेल्यावर आमच्या बांदोड्याच्या वाटणीत नणंदेच्या नवऱ्याचं मुखत्यारपत्र लिस्बनहून यायला सात महिने लागले, आणि आमच्यात तर भांडण काहीच नव्हतं.

याच कायद्यामुळे करातही एक गोष्ट होते जी पुण्या-मुंबईचे सल्लागार सांगत नाहीत. आयकर कायद्यातल्या खास तरतुदीप्रमाणे (1961च्या कायद्यात कलम 5ए) अशा जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न अर्धं अर्धं दोघांच्या विवरणपत्रात दाखवायचं असतं. घर माझ्या नावावर आणि हप्ताही मीच भरते, तरी भाड्यातला अर्धा भाग नवऱ्याच्या विवरणपत्रात जातो. पहिली दोन वर्षं आम्ही सगळं माझ्याच नावे दाखवलं, मग सीएने सुधारून दिलं. घरपट्टी वजा केल्यावर भाड्याच्या 30 टक्के दुरुस्तीपोटी सरसकट वजावट मिळते, पावत्या लागत नाहीत. मात्र नवी करपद्धत घेतली असेल तर कर्जाच्या व्याजामुळे घरावर दिसणारा तोटा पगारातून वजा होत नाही. "फ्लॅट घे, कर वाचेल" या बोलण्यावर म्हणूनच हिशेब मांडू नका.

भाडेकरू ठेवताना 11 महिन्यांचा लेखी करार करा, पोलीस ठाण्यात त्यांच्या माहितीचा अर्ज द्या, आणि एकाहून जास्त बिऱ्हाडं असतील तर प्रत्येकाला वेगळा वीजमीटर बसवा. आमच्या बांदोड्याला पहिल्या वर्षी एकच मीटर होता. दर महिन्याच्या बिलावरून तीन घरांत अबोला धरला जायचा, आणि रविवारी मी मधे बसून आकडे वाटायची. अनामत दोन महिन्यांची घ्या, आणि घर सोडताना त्याच दिवशी परत करा. पुढचा भाडेकरू तोच माणूस पाठवणार असतो.

आता तुम्ही काय करायचं? 11 लाखांतले 3 लाख बाजूला ठेवा, त्यांना हात लावू नका. सहा महिन्यांचे हप्ते आणि एक मोठी दुरुस्ती त्यातून निघते. बाकीच्या रकमेत कर्जाशिवायचा तुमचा वाटा आणि वरचा खर्च बसेल असा, बोरीच्या पुलाच्या अलीकडे, फोंड्यातच, छोटा, दहा-बारा वर्षं जुना, भोगवट्याचा कागद असलेला फ्लॅट शोधा. नव्या इमारतीचा सांडपाण्याचा आणि गच्चीचा भरवसा अजून कुणाला नसतो, जुन्याने दहा पावसाळे दाखवलेले असतात. बघायला जुलैत जा, दोन दिवस सलग पाऊस पडल्यावर, आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं दार ठोठावून गच्ची गळते का ते विचारा. ते खरं सांगतात.