हीटर लावला की ऑफिसचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पडतो, काय करावं?

आधी हिशेब करा: वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. 2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर जवळपास 8.7 अँपिअर घेतो. सर्किट 16 अँपिअरचं असेल, तर तासन्‌तास चालणारा लोड 80 टक्क्यांच्या आत, म्हणजे 12.8 पर्यंतच ठेवावा. थोडक्यात, एका सर्किटवर एकच हीटर. शेजारच्या टेबलाचा हीटर आणि लेझर प्रिंटरही त्यावरच असले की आकडा 20 च्या वर जातो. एमसीबी मात्र लगेच पडत नाही, आतली पट्टी तापायला काही मिनिटं लागतात, म्हणून खरं कारण लक्षात येत नाही.

कोणते सॉकेट एकाच सर्किटवर आहेत, हे इलेक्ट्रिशियनकडून समजून घ्या. हीटर थेट भिंतीतल्या 16 अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच! तो बऱ्याचदा 6 किंवा 10 अँपिअरचा असतो, आणि 16 चा एमसीबी पडायच्या आधीच वितळू शकतो. अर्ध्या तासाने प्लग काढून हात लावून बघा. चटका बसला तर आतला संपर्क सैल आहे, तो सॉकेट वापरू नका.

मोठा एमसीबी बसवणं हा उपाय अजिबात नाही, त्याने भिंतीतली वायर जळू शकते. पायच गार पडत असतील तर 100-200 वॅटची तापणारी फूटमॅट पुरते.