अपूर्णांक प्रथमच शिकवणाऱ्या शिक्षकास

अंश आणि छेद हे शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहू नका, असे मी आपणांस आग्रहाने सुचवेन. पाव किलो साखर, अर्धा लिटर दूध, पाऊण तास, दीड भाकरी हे मुले घरी रोज ऐकतात. पूर्वी तर पावकी, निमकी, पाऊणकी असे पाढेच पाठ करवून घेत असत. ते पाठांतर परत आणावे असे मी म्हणणार नाही, परंतु हा शब्दसाठा वाया जाऊ देऊ नये.

खरा वेळ द्यावा तो ‘समान भाग’ या कल्पनेला. ‘मला मोठा अर्धा हवा’ असे मूल म्हणते, तेव्हा त्याच्या लेखी अर्धा म्हणजे केवळ एक तुकडा असतो. एक चौरस कागद मधोमध आणि तसाच दुसरा कर्णावर दुमडून दाखवा. आकार वेगळे असूनही दोन्ही अर्धेच कसे, यावर वर्गात चांगला वाद होतो, आणि तो होऊ द्यावा.

४ हा ३ पेक्षा मोठा, म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा, हे उत्तर हमखास येते. ते लगेच खोडू नका. कागदाच्या तीन समान घड्या घालणे लहान हातांना अवघड जाते, म्हणून १२ सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या द्या आणि मोजपट्टीने भाग करवून घ्या: तिसरा भाग ४ सेंटिमीटर, चौथा ३ सेंटिमीटर. पुढे १/२ आणि १/३ यांची बेरीज कोणी २/५ केली, तर त्याच पट्टीवर ते उत्तर निम्म्याहूनही कमी भरते, हे त्याला स्वतःच मोजू द्या.