संपमधला गाळ काढा, पण रिंग्ज नळाखाली नेऊ नका

निपाणीच्या दादांनी लिहिलंय, माशांच्या चार फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीखालच्या संपमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या खालच्या टाकीत, दोन बोटं तपकिरी गाळ साचलाय, पाण्यातलं नायट्रेट ८० पीपीएमच्या वर गेलंय, आणि येत्या रविवारी सगळं एकदाच उपसून धुऊन टाकायचा बेत आहे. दादा, तो बेत तेवढा रद्द करा. सात वर्षांपूर्वी इथं बेळगावात मी नेमकं हेच केलं होतं.

हीटर आधी बंद करायचा, ओल्या हातानं प्लगला हात लावायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक असणारच. त्यात जात नाही.

मासे घ्यायचो त्या दुकानदारानं मला सांगितलं होतं, "धुताय तर सगळंच धुवा की, अर्धवट कशाला?" त्या दिवशी आमच्याकडं नळाला पाणी आलं होतं. तेव्हा पाणी रोज येत नसे, त्यामुळं आलेल्या दिवशी धुण्याची सगळी कामं उरकायची घरातली सवय. मी गाळ काढला, स्पंज पिळले आणि संपमधल्या सिरॅमिक रिंग्जची जाळी परड्यात नेऊन नळाखाली धरली, पार पांढऱ्या होईपर्यंत. पाण्याला ब्लीचिंगचा वास होता. तो मला आला होता आणि मी थांबलो नाही. संध्याकाळी टाकी काचेसारखी स्वच्छ दिसत होती. तिसऱ्या दिवशी पहाटे यलो टँग हा पिवळा मासा तळाशी आडवा पडलेला आणि दोन्ही क्लाऊन मासे वर येऊन धापा टाकत होते. टँग चार वर्षं आमच्याकडं होता, मुलीच्या हातून खायचा. तो गेला. क्लाऊनमधला एकच वाचला.

गाळ ही घाण, पण रिंग्जवरचा बुळबुळीत थर म्हणजे घाण नव्हे. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या थरातच राहतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात ते जिवाणू मारायलाच, त्याला तुमचे कुठले आणि रोगाचे कुठले हे कळत नाही. त्यात समुद्री टाकीचा पीएच ८.२ च्या आसपास, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनिया जास्त विषारी. गोड्या पाण्यात मासे सोसतात तेवढ्या अमोनियात इथले मरू शकतात. टाकीत जिवंत खडक (असे जिवाणू वसलेला समुद्री खडक) भरपूर असेल तर तो थोडा भार उचलतो. माझ्याकडं दोनच तुकडे होते.

मी आता असं करतो. संपमधलं पाणी वर टाकीत चढवणारा रिटर्न पंप बंद करून पंधरा-वीस मिनिटं गाळ बसू देतो. मग १२ मिमीच्या नळीनं, गाळ न ढवळता, संपच्या एकाच कप्प्यातला ओढून बादलीत काढतो. एका वेळी एकूण पाण्याच्या दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि तेवढंच १.०२५ घनतेचं, टाकीच्याच तापमानाचं खारं पाणी भरतो. रिंग्ज निम्म्याच घ्यायच्या, त्याच काढलेल्या पाण्यात नुसत्या हलवायच्या. उरलेल्या तीन-चार आठवड्यांनी. गाळ काळा असून कुजक्या अंड्यासारखा वास आला तर अजिबात ढवळू नका, नळीनं सरळ बाहेर. पुढचा आठवडाभर रोज अमोनिया तपासा. मी तेव्हा तपासला असता तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं.

माझं स्पष्ट मत, नायट्रेट ८० झालं त्याचं कारण संप नाही, जास्त खाऊ घालणं आहे. आणि फिल्टर सॉक, म्हणजे टाकीतून येणारं पाणी गाळणारी कापडी पिशवी. सॉक तीन-चार दिवसांनी बदलला नाही तर अडकलेली घाण तिथंच कुजते. मी यातला तज्ज्ञ नव्हे, तुमच्याकडं प्रवाळ असतील तर हळू जा, नायट्रेट एकदम पाडलं तरी त्यांना धक्का बसतो.

पंपाचं इंपेलर, म्हणजे आतलं फिरतं पातं, क्षार साठून पांढरं झालं असेल तर किराणा दुकानातलं लिंबू सत्व (सायट्रिक अ‍ॅसिड) पाण्यात घालून पंप त्यात तासभर फिरवा. मग स्वच्छ धुऊनच टाकीत. इथं नळाचं पाणी चालतं, पंपात जिवाणू जपायचे नसतात.

आणखी एक. चोर्ला घाट उतरून गोव्याचं समुद्राचं पाणी कॅनमधून आणणारे आपल्याकडं बरेच आहेत, मीही आणायचो. पावसाळ्यात ते करू नका. नद्यांचं गोडं पाणी मिसळून किनाऱ्याजवळची घनता उतरते, आणि गढूळपणा येतो तो वेगळाच. समुद्री टाकीसाठीचं मीठ आणि आरओचं पाणी घरी कालवलेलं बरं.

रविवारी हात घालायच्या आधी आजचा अमोनिया किती, मासे किती आणि खडक किती किलो, एवढं सांगा. त्यावरून कुठल्या कप्प्यापासून सुरुवात करायची ते ठरवू.